लेणी वाचायला आलेल्या मावशी

येडगाव धरणाच्या पाण्यालगत आमची शेती आहे. चार वर्षांपूर्वी घराशेजारी दोन खोल्या बांधून आम्ही रस्त्याला कृषी पर्यटनाची पाटी लावली. पाहुणे शनिवारी दुपारी येतात आणि रविवारी संध्याकाळी जातात. त्यांना ट्रॅक्टरवर बसायचं असतं, पाण्याकाठी फोटो काढायचे असतात आणि चुलीवरची भाकरी खायची असते. फोनवर त्यांचा पहिला प्रश्न असतो, पोहायचा तलाव आहे का.

मावशींनी मात्र फोनवर विचारलं की तुमच्याइथून लेण्या किती लांब आहेत. मी म्हटलं, जुन्नरला गेलात की चहूकडं लेणीच आहेत. त्यावर त्यांनी आणखी काही विचारलं नाही. मंगळवारी येतो म्हणाल्या. आवाज बाईचा आणि "येतो" ऐकून मी जरा चक्रावले. त्यांच्याकडं बाया तसंच बोलतात हे मला नंतर कळलं.

डिसेंबरातल्या त्या मंगळवारी त्या नारायणगावहून रिक्षानं आल्या. एकट्या. अडुसष्ट वर्षांच्या, बारीक अंगाच्या, पायात पांढरे कापडी बूट आणि हातात एकच बॅग. नागपूरच्या एका दवाखान्यात तीस वर्षं वॉर्डात आया म्हणून काम केलेलं, आता निवृत्त. दोन दिवसांसाठी खोली घेतली होती. घरच्यांना माहीत आहे ना, असं मालकांनी वहीत नाव लिहिताना विचारलं. त्या म्हणाल्या, "हो ना. मुलगाच सोडाले आला होता स्टेशनवर." ते खोटं नव्हतं.

रात्री जेवायला मी मासवडी केली होती. नाव ऐकून त्यांनी ताट थोडं लांब सरकवलं. यात मासा नसतो, नुसतं बेसन आणि आत तीळ-खोबऱ्याचं सारण, हे सांगितल्यावर त्यांनी तीन वड्या खाल्ल्या. मग बॅगेतून एक वही काढून दाखवली. तिच्यात बघायच्या लेण्यांची नावं लिहिली होती. दोन दिवसांत एवढं होणार नाही, हे आम्हाला दोघांनाही दिसलं.

मालक मला आत बोलावून म्हणाले, तू जा त्यांच्याबरोबर. आमचं कांद्याच्या लागणीचं काम चालू होतं, बाया सांगून ठेवलेल्या होत्या. मी कुरकूर केली. ते म्हणाले, "म्हातारं माणूस एकटं डोंगरात पाठवायचं आन् काय झालं तर मग? बायांकडं मी बघतो." म्हणून मी गेले. मनात आणखी एक होतं, लेण्याद्रीला जाणं होतंय तर गणपतीचं दर्शनही होईल.

लेण्याद्रीच्या पायऱ्या तीनशेच्या आसपास आहेत. लग्न होऊन आल्यापासून मी दर वर्षी एकदा तरी त्या चढते. मावशी प्रत्येक वळणावर थांबत, माकडांकडं बघत, न बोलता चढल्या. वर गेल्यावर मी गणपतीच्या ओळीत उभी राहिले आणि त्या शेजारच्या चैत्यात शिरल्या. एवढ्या वर्षांत मी त्या चैत्यात गेले होते ते सावलीला बसून डबा खायला. दर्शन करून आले तर मावशी आत नव्हत्या, बाहेर ओसरीत होत्या. मान वर करून दाराच्या वरच्या दगडाकडं बघत होत्या आणि ओठ हलत होते.

मला वाटलं प्रार्थना चालली आहे. जवळ गेले तेव्हा ऐकू आलं, त्या एकेक अक्षर उच्चारत होत्या. मग माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "कल्याणच्या सोनाराच्या मुलानं हे दिलं. शेवटी काय लिवलं पाह्य. दे, य, ध, म. देयधम. म्हणजे धम्मासाठी दिलेलं दान."

मी वर बघितलं. मला दगडावर कोंबडीनं उकरल्यासारख्या रेघा दिसल्या. त्या रेघा तिथं आहेत हेही मला तोवर माहीत नव्हतं.

पायऱ्या उतरताना त्यांनी सांगितलं. त्यांच्या वस्तीतल्या विहारात रविवारी धम्मलिपीचा, म्हणजे लेण्यांतल्या ब्राह्मी अक्षरांचा, वर्ग चालतो. शिकवणारा मुलगा बँकेत कारकून आहे. निवृत्तीनंतर त्या तिथं जाऊन बसायला लागल्या. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण ही अक्षरं त्यांना पटकन आली. त्या म्हणाल्या, वॉर्डात डॉक्टरांचं अक्षर ओळखता ओळखता डोळ्यांना सवय झाली असेल. तीन वर्षं त्यांनी कागदावरच वाचलं होतं. दगडावरचं त्या दिवशी पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी मानमोडीच्या डोंगरावर गेलो. तिथं पायऱ्या नाहीत, गवतातून वाट काढत चढायचं. एक गुराखी वर जाताना भेटला. त्यानं मावशींच्या डोक्याकडं बोट दाखवून सांगितलं, "तेल लावलंय का, पावणं? वर मोहोळं हायेत लई. आवाज करू नका आन् भूतलिंगाकडं जाऊच नका." मावशींनी खरंच वासाचं तेल लावलं होतं. त्यांनी पदर डोक्यावरून घट्ट बांधला, मलाही बांधायला लावला. आम्ही भूतलिंगाची लेणी सोडून अंबिका लेण्यांकडं वळलो. मोहोळं लांबून दिसत होती, कपारीखाली काळी पोती टांगल्यासारखी.

तिथला चैत्य अर्धवटच राहिलेला आहे, पण त्याच्या तोंडावर लेख कितीतरी. काही हाताच्या उंचीवर. मावशींनी चष्मा पुसला, एक बोट दगडापासून वीतभर लांब धरलं आणि वाचायला लागल्या. हात लावू देत नाहीत म्हणून वर्गात त्यांना तसंच शिकवलं होतं. निम्मी अक्षरं झिजलेली होती. एका लेखापाशी त्या बराच वेळ अडल्या आणि मग म्हणाल्या, इथं करंजाच्या झाडांसाठी जमीन दिल्याचं आहे, वडासाठी पण आहे. मला हसू आलं. आमच्या बांधावर सासऱ्यांनी लावलेले दोन करंज आहेत. जमिनीचा तुकडा झाडांच्या नावे द्यायचा आणि ते दगडावर कोरून ठेवायचं, ही गोष्ट मला एकदम ओळखीची वाटली. तोपर्यंत मला लेणी म्हणजे कुणीतरी फार मोठ्या लोकांनी केलेलं काहीतरी वाटत होतं.

त्या दुपारी त्यांनी मला अक्षरं शिकवली. क म्हणजे अधिकाची खूण. ध म्हणजे दोरी लावलेलं धनुष्य. म म्हणजे खाली गोल आणि वर दोन शिंगं. मी मातीत काडीनं गिरवली. उतरताना त्या घसरल्या आणि कोपर खरचटलं. मी घाबरले. त्यांनी स्वतःच बाटलीतल्या पाण्यानं धुतलं, रुमाल बांधला आणि म्हणाल्या की याच्याहून मोठ्या जखमा रोज धुतल्या आहेत.

दोन दिवस झाले. त्यांनी आणखी राहू का विचारलं. खोली रिकामीच होती.

वहीच्या शेवटच्या पानावर आहुपे लिहिलेलं होतं. तिथं लेणी नाहीत, असं मी म्हटलं. त्यांनाही ते माहीत होतं. त्या म्हणाल्या, भिक्खू पावसाळ्यात लेण्यांत राहत, बाकीचे दिवस रानातून फिरत. दोन डोंगरांवरची लेणी बघून झाली, आता एक मोठं जुनं रान बघायचं. शिवाय त्यांच्या नातीच्या पुस्तकात शेकरूचं चित्र होतं आणि आजीनं ते कधीतरी खरं बघून यावं अशी तिनं मागणी केली होती. आहुप्याची देवराई भीमाशंकरच्या अभयारण्याला लागून आहे. मी स्वतः तिथं कधी गेले नव्हते.

सकाळी निघून दोन गाड्या बदलत घोडेगावला गेलो आणि तिथून आहुप्याची एसटी धरली. डिंभ्याच्या पुढं रस्ता धरणाच्या कडेकडेनं वळत जातो. मावशी खिडकीशी बसून पाण्याकडं बघत होत्या. गाडीत आमच्याखेरीज सातआठ माणसं, एक खताचं पोतं आणि दोन कोंबड्या होत्या.

देवराईत आम्हाला गावातली एक बाई घेऊन गेली. देवाचं रान आहे, इथली वाळकी काडीसुद्धा घरी न्यायची नाही, असं तिनं आधीच सांगितलं. आत उन्हाचा कवडसा कुठंतरीच पडत होता. झाडांचे बुंधे एवढे की दोघींनी हात धरले तरी कवेत येणार नाहीत. एका फांदीवर काटक्यांचा मोठा गोळा होता, ते शेकरूचं घरटं. आम्ही तासभर मान वर करून बसलो. शेवटी वरच्या फांद्या हलल्या. तांबूस रंगाचं, लांब शेपटीचं जनावर एका झाडावरून दुसऱ्यावर गेलं. त्यानं हवेत चारही पाय पसरले होते. मावशींनी फोन काढेपर्यंत ते दिसेनासं झालं. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या. नातीले तोंडानं सांगतो."

परतीची गाडी तीनला यायची, ती आली नाही. गावातले म्हणाले, येती तर येती, न्हाई तर उद्या सकाळी. फोनला रेंज नव्हती. ज्या बाईनं देवराई दाखवली तिनंच घरी नेलं. नाचणीची भाकरी, उडदाचं बेसन आणि झोपायला घोंगड्या दिल्या. मला घरची काळजी लागली होती, मावशींना कसलीच नव्हती. त्या बाईच्या सुनेला सहावा महिना होता. मावशींनी तिच्या पायांची सूज बघितली आणि तालुक्याच्या दवाखान्यात रक्तदाब तपासून घे असं दोनदा बजावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं डिंभ्याला उतरलो. रेंज आली. मी मालकांना फोन केला, त्यांनी रात्र जागून काढली होती. मावशींच्या फोनची बॅटरी संपलेली, म्हणून त्यांनी माझ्याच फोनवरून मुलाला फोन लावला. मी शेजारीच उभी होते.

"हो रे, बरी आहो मी," त्या म्हणाल्या. "फोन बंद पडला होता. हा एका बाईचा नंबर आहे, सोबतची बाई. गया पाहून झाली, आता इकडंतिकडं फिरून राहिलो आम्ही."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि माझ्याकडं बघितलं. मी तो पिशवीत टाकला. गाडीत त्या झोपल्या, किंवा डोळे मिटून बसल्या.

घरी आल्यावर मी मालकांना सांगितलं. ते काळजीत पडले. म्हणाले, उद्या इथं काही बरंवाईट झालं तर त्यांच्या मुलाला आपण काय सांगणार? तो तर आईला बिहारमध्ये शोधेल. पण त्यांना विचारायचं कुणी, यावर आमचं एकमत झालं नाही. दिवस तसाच गेला.

त्यानंतरच्या सकाळी मी अंगणात लसूण सोलत बसले होते. मावशी खाली पाण्याच्या मोटारीवर साड्या धूत होत्या. माझा फोन वाजला. त्यांचा मुलगा होता. आईचा फोन लागत नाही म्हणून यावर केला, असं तो अदबीनं म्हणाला. मी ग्रुपमधलीच ना, असं त्यानं विचारलं. माझ्या तोंडून "हां" गेलं. आईचं जेवणखाण नीट आहे का? मी म्हटलं आहे. थंडी किती आहे? मी म्हटलं, आहे बऱ्यापैकी.

नेमकी तेव्हाच वनखात्याची गाडी रस्त्यावरून निघाली. आमच्या भागात आता ती वरचेवर येते. उसाच्या शेतालगत एकट्याने जाऊ नये, लहान मुलांना अंगणात एकटे सोडू नये, बिबट्या दिसल्यास त्वरित कळवावे, असं भोंग्यावर सांगत ती घरासमोरून गेली. मी फोनवर हात ठेवला, पण उशीर झाला होता.

तो घोषणा संपेपर्यंत ऐकत राहिला. मग म्हणाला, "गयेत बिबट्याचं मराठीत सांगतात का?"

मी लसणाचं ताट बाजूला सरकवलं.

"ताई, माझी आई कुठं आहे?"

त्याचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळंच मला राहवेना. मी सगळं सांगितलं. येडगाव, खोली, लेण्याद्री, आहुपे. त्या ठणठणीत आहेत हे तीनदा सांगितलं. त्यानं पत्ता विचारला आणि फोन ठेवला.

मी मोटारीवर गेले. मावशी साडी पिळत होत्या. मी सांगितलं तेव्हा त्या पिळायच्या थांबल्या नाहीत. साडी झटकली, दोरीवर टाकली, कडा सारख्या केल्या. मग खोलीत जाऊन त्यांनी बॅग भरायला घेतली. दुपारी जेवायला आल्या नाहीत.

संध्याकाळी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांनी मला बसायला सांगितलं. लेण्या बघायच्या म्हणून त्या तीन वर्षं मुलाच्या मागं लागल्या होत्या. मुलगा चांगला, सूनही चांगली. तो दर वेळी म्हणायचा, आई, दिवाळीच्या सुटीत मी नेतो. दिवाळीत काही ना काही निघायचं. एकटी जाते म्हटलं की सगळे घाबरायचे. वस्तीतला एक गट गयेला निघाला, त्याला मात्र मुलानं लगेच होकार दिला. त्यानं स्टेशनवर आणून सोडलं. तो गेल्यावर मावशींनी गटातल्या बायांना पाय दुखतोय, घरी परत जाते असं सांगितलं आणि त्या पुण्याच्या गाडीत चढल्या. तिकीट महिनाभर आधी शेजारच्या मुलीकडून काढून घेतलेलं होतं.

"गयेले पण जाईन मी," त्या म्हणाल्या. "पण तिथं सगळे हात धरून नेतात. मले वाचाचं होतं. वाचाले वेळ लागते."

मुलगा दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचला. पंचेचाळिशीचा, शाळेत क्लार्क असलेला, रात्रभर बसमध्ये बसून आलेला. मी भांडणाची तयारी ठेवली होती. तो अंगणात उभा राहिला. मावशींनी त्याला जेवला का विचारलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली. मी ताट वाढलं, तो मुकाट्यानं जेवला. त्याचं खाऊन होईपर्यंत मावशी समोर बसून होत्या.

हात धुऊन आल्यावर तो म्हणाला, "आई, काय कमी पडलं?"

"कमी काहीच नाही पडलं."

"मग खोटं काहून बोलली?"

मावशींनी त्याचं रिकामं ताट उचललं. "खरं बोलली असती त तू येऊ दिलं असतं का?"

तो रुमालानं हात पुसत राहिला. नंतर "नसतं दिलं" असं म्हणाला. मला तो माणूस त्या दोन शब्दांमुळं आवडला.

परतीची गाडी त्यांना तिसऱ्या दिवशी रात्री मिळणार होती. मधला दिवस मोकळा होता आणि वहीतली शिवनेरीच्या पूर्व अंगाची लेणी राहिली होती. आम्ही तिघं गेलो. किल्ल्यावर जाणारी गर्दी नेहमीच्या वाटेनं वर चालली होती, आमच्या बाजूला कुणीच नव्हतं. वाट अरुंद आणि घसरडी आहे. मुलानं आईचा हात धरला, तिनं धरू दिला.

एका लेण्यापाशी मावशी थांबल्या. मुलानं मोबाइलची बॅटरी लावून तिरकी धरली, तसं केल्यानं अक्षरांची सावली पडते आणि ती उठून दिसतात. हे त्यांनीच त्याला सांगितलं. त्या वाचत गेल्या. कुणा यवनानं, म्हणजे परदेशातून आलेल्या माणसानं, भिक्खूंसाठी इथं जेवणाची जागा करून दिली होती. मला ते फार बरं वाटलं. बाहेरगावच्या माणसांसाठी दर शनिवारी-रविवारी दहा-बारा भाकऱ्या थापते, म्हणून असेल.

मुलगा लेखाकडं बघत राहिला. मग त्यानं एका अक्षरावर उजेड पाडून विचारलं, हे काय? मावशी म्हणाल्या, य. त्यानं पुढचा य स्वतः शोधला. तास दीड तास ती दोघं एका ओळीवर होती. मी कड्याला टेकून बसले आणि खाली जुन्नर गावाकडं बघत राहिले. चहाची बाटली मी एकटीनंच संपवली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना नारायणगावच्या स्टँडवर सोडायला गेले. मुलगा चौकशीच्या खिडकीकडं गेला होता. मावशी बाकावर बसल्या होत्या. येडगावला आल्यापासूनचा तो नववा दिवस. माझ्या मनात ते राहिलंच होतं, म्हणून मी म्हणाले, "मावशी, माझ्यावर राग धरू नका. मला खोटं बोलवंना."

त्या म्हणाल्या, "खरं सांगितलं ते बरंच केलं तुमी. पण आधी मले विचाराचं होतं, बाई. मी खालीच होती ना."

ते खरं होतं. मोटार अंगणापासून पन्नास पावलांवर आहे. थांबा, देते, एवढं म्हणून मी फोन त्यांच्या हातात देऊ शकले असते. तेव्हा ते मला सुचलं नाही. मालकांनाही सुचलं नसतं. त्या घरी गेल्यावर कितीतरी दिवस मला ते वाक्य भाकरी थापताना आठवत राहिलं.

जानेवारीच्या शेवटी त्यांचा फोन आला. त्या अजिंठ्याला निघाल्या होत्या. मुलाला या वेळी सांगितलं होतं, तो फार बोलला नाही. सोबत येता का, असं त्यांनी मला विचारलं. कांदा जमिनीत होता, काढणीला अजून अवकाश होता. मी गेले. आम्ही दोघी चार दिवस फिरलो. सगळं जग तिथं चित्रं बघायला येतं, पण मावशींना अजिंठा तेवढा आवडला नाही. चित्रं फार होती आणि वाचायला अक्षरं कमी.